आडनावाचा इतिहास विकत घेण्याआधी: दोन फ्रेमांचा अनुभव

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात सोप्याच्या भिंतीवर गेल्या वर्षभरात दोन फ्रेमा लागल्या. एक आता माळ्यावर आहे, दुसरी भिंतीवर. दोन्हींत एकाच आडनावाची हकिगत आहे: एस्पोझितो. पहिली मी इंटरनेटवरून ३,४५० रुपयांना मागवली होती. दुसरीतला कागद इटलीच्या सरकारी दफ्तरातून फुकट मिळाला, आणि खडेबाजारातल्या फ्रेमवाल्यानं ३८० रुपये घेतले. परदेशात सोयरीक झालेली घरं आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बरीच आहेत आणि असल्या भेटी मागवल्या जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझी लेक नेपल्सला शिकायला गेली आणि तिनं तिथल्याच मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी, शांत, आमच्याशी बोलता यावं म्हणून मराठी शिकायला लागलेला. पण सोयरीक म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न आडनावाचा. नणंदेनं विचारलं, जावेनं विचारलं, समोरच्या काकूंनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात? म्हणजे त्यांच्यात कोण ते?" या प्रश्नाचा रोख कुठे असतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मला उत्तर येत नव्हतं, आणि ते मला बोचत होतं.

बोचायचं कारण वेगळं होतं. मी बत्तीस वर्षं तालुक्यातल्या हायस्कुलात मराठी शिकवलं. आडनावं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. हजेरी घेताना उचगावकर, येळ्ळूरकर, कंग्राळकर, मुचंडीकर, सांबरेकर, हिंडलगेकर अशी नावं यायची आणि अख्ख्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहायचा. आमचं स्वतःचं कडोलकर, म्हणजे मूळ कडोलीचे. कन्नड घरांतली मुलं असायची, त्यांची आडनावं आणखी गमतीची: लोहाराचा कम्मार, सुताराचा बडिगेर, कुंभाराचा कुंबार, आणि चक्क कांदा म्हणजे उळ्ळागड्डी, मिरची म्हणजे मेणसिनकाई. प्रत्येक नावामागे कुणीतरी कधीतरी काहीतरी केलेलं असतं किंवा कुठून तरी आलेलं असतं, हे मी मुलांना दर वर्षी सांगायची. मग जावयाच्या आडनावाचं मलाच माहीत नसावं हे मनाला पटेना.

त्याच सुमारास फोनवर एक जाहिरात दिसली. तुमच्या आडनावाचा उगम, इतिहास आणि कुलचिन्ह, फ्रेम करून घरपोच. कंपनीचं नाव घेत नाही. अशा बऱ्याच आहेत, आणि मला वाटतं सगळ्यांचा माल एकाच साच्यातला असतो. ऑर्डरच्या पानावर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: आडनाव, देश, फ्रेमचा आकार. गाव विचारलं नाही. आजोबांचं नाव विचारलं नाही. कुठल्या सालापासूनची माहिती आहे तेही नाही. तिथंच थांबायला हवं होतं. कडोलीच्या कडोलकरांची माहिती कुणी 'भारत' एवढ्यावर सांगू लागला तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. पण लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. व्याह्यांना काहीतरी मनापासून द्यायचं होतं. पैसे भरले.

दहा दिवसांत येईल म्हणाले होते, एकोणिसाव्या दिवशी आली. बारा बाय अठरा इंच. सोनेरी नक्षीची पट्टी, आत मरून मखमल, त्यावर चहात बुडवून काढल्यासारखा पिवळट कागद. मध्ये ढाल, निळी आणि लाल. ढालीच्या दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभे दोन सिंह, वर शिरस्त्राण, त्यावर मुकुट, खाली फितीवर लॅटिन ओळ. त्याखाली इंग्रजीत दहा-बारा ओळी: एस्पोझितो हे प्राचीन रोमन सरदार घराणं, पराक्रमाबद्दल नेपल्सकडे जहागीर मिळाली, वगैरे. कोपऱ्यात सोनेरी शिक्का. काच म्हणून लावलेलं प्लॅस्टिक होतं. भिंगातून पाहिलं तर सिंहाची आयाळ म्हणजे नुसते रंगीत ठिपके. पण चार हात लांबून छान दिसत होती, हे खरं आहे ते सांगितलं पाहिजे.

डिसेंबरात टिळकवाडीच्या कार्यालयात लग्न झालं. रुखवतात आम्ही ती फ्रेम मधोमध ठेवली. एका बाजूला मांड्यांची चवड, दुसऱ्या बाजूला कुंद्याचे डबे, पुढे लोकरीचं तोरण आणि भावजयीनं केलेली शेवयांची परडी. बायका येऊन बघत होत्या. सिंह आणि मुकुट बघून सगळ्यांना हवं ते उत्तर मिळालं. नणंदबाई म्हणाल्या, "मोठं घराणं आहे की हो." मला बरं वाटलं. ते वाटणं मी इथं लपवत नाही.

जेवणं झाल्यावर व्याही रुखवत बघायला आले. पासष्टीचे गृहस्थ, हाताची बोटं जाड, आयुष्यभर छपाईच्या कारखान्यात काम केलेले. फ्रेमसमोर थांबले. वाचलं. पुन्हा वाचलं. मग सिंहावर बोट ठेवून जावयाशी इटालियनमध्ये बोलले. जावई थोडा घुटमळला आणि मला म्हणाला, "आई, बाबा म्हणतात, तुम्ही प्रेमानं आणलंत, आभारी आहोत. पण हे आमचं नाही. आमचं नाव चाकातून आलं." मी विचारलं, चाक म्हणजे? व्याह्यांनी तिथंच रुखवताच्या टेबलाशी, दोन्ही तळहात समोरासमोर धरून, काहीतरी फिरवल्यासारखं करून दाखवलं.

त्यांनी त्या दिवशी सांगितलेलं आणि पुढे मी वाचून पडताळलेलं, दोन्ही एकत्र सांगते.

इटलीची बहुतेक आडनावं आपल्यासारखीच आहेत. फेरारी म्हणजे लोहार. गाडीचं नाव म्हणून आपण ते ऐकतो, पण आमच्या वर्गातला कम्मार आणि हा फेरारी एकाच भात्याचे. मोलिनारी गिरणीवाले, सार्तोरी शिंपी. रोमानो, लोंबार्दी, जेनोवेझे हे तिकडचे 'कर'. रॉस्सी म्हणजे तांबडे, बियांकी म्हणजे पांढरे, आपल्या काळे-गोऱ्यांसारखे. दी जोव्हान्नी म्हणजे जोव्हान्नीचा. ही नावं आधी बोलण्यात होती. कागदावर ती पक्की बसू लागली ती चर्चच्या नोंदवह्यांमुळे, आणि १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेनं लग्नाची नोंद ठेवण्याचा नियम घातल्यावर.

एस्पोझितो यांतलं कुठलंच नाही. लॅटिन 'एक्सपोझितुस' म्हणजे बाहेर ठेवलेला. आईनं, किंवा आईच्या वतीनं कुणीतरी, सोडून दिलेलं मूल. नेपल्समध्ये फोर्चेल्ला नावाच्या जुन्या दाट वस्तीत आन्नुन्त्सियाता नावाचं चर्च आणि धर्मशाळा आहे. तिच्या भिंतीत एक लाकडी पिंप आडव्या फटीपाशी बसवलेलं होतं, आसावर फिरणारं. रस्त्यावरून बाळ त्यात ठेवायचं, पिंप फिरवायचं, बाळ आत. आतल्या बाईला बाहेरचा चेहरा दिसत नसे, बाहेरच्या बाईला आतला. त्याला तिथं चाकच म्हणतात, 'रुओता'. आत बाळाला अंघोळ घालायचे, नाव ठेवायचे, कुठल्या वेळी आलं, अंगावर कुठलं फडकं होतं ते वहीत लिहायचे, आणि धर्मशाळेची खूण असलेला शिशाचा छोटा ठसा गळ्यात बांधायचे. आडनाव एकच: एस्पोझितो. त्या मुलांना 'मादोन्नाची लेकरं' म्हणत. आई मेरीची मुलं, अनाथ नव्हेत. आज नेपल्समध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच आहे. व्याही म्हणाले, आमच्या इमारतीत चार जिने आहेत आणि पाच एस्पोझितो आहेत, एकमेकांचे कुणी नव्हेत.

हे एकट्या नेपल्सचं नाही. मिलानमध्ये धर्मशाळेच्या चिन्हात पारवा होता, म्हणून तिथल्या मुलांना कोलोंबो. रोमकडे प्रोयेत्ती. बोलोन्याकडे देल्यी एस्पोस्ती. फ्लॉरेन्समध्ये इन्नोचेन्ती, कारण तिथल्या धर्मशाळेचं नावच 'निष्पाप बालकांची'. ती रेशीम व्यापाऱ्यांच्या संघानं बांधवली, ब्रुनेलेस्कीनं तिचा आराखडा केला, काम १४१९ ला सुरू झालं. १४४५ च्या फेब्रुवारीत पहिली मुलगी आली, तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. लेक तिथं जाऊन आली आणि तिनं फोटो पाठवले. बाहेर कमानींच्या वर निळ्या गोलात पांढरी दुपट्यात गुंडाळलेली बाळं आहेत, आंद्रेया देल्ला रोब्बियानं १४८७ मध्ये केलेली. पण मला विसरता येत नाही ते आतलं. लहान लहान खणांत, मुलांबरोबर आलेल्या खुणा ठेवल्यात. अर्धं मोडलेलं पदक. अर्धा मणी. दुसरा अर्धा आईकडे. कधी दिवस बदलले तर येऊन जुळवून लेकरू परत न्यायचं म्हणून. लेकीनं एका पदकाचा जवळून फोटो काढलाय, तुटलेली कडा घासून गुळगुळीत झालेली नाही, करवतीनं कापल्यासारखी सरळ आहे. म्हणजे रागानं किंवा घाईनं मोडलेलं नव्हे. कुणीतरी नीट बसून कापलं.

ते बघून मला आपल्याकडचं आठवलं आणि मी लेकीला फोनवर सांगितलं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला आपलं नाव दिलं, यशवंत. पंढरपूरचं बालहत्या प्रतिबंधक गृह १८७५ चं. आणि नेपल्सचं चाक बंद झालं तेही १८७५ मध्येच. आषाढीला आमच्या गल्लीतून दिंडी जाते, तिच्याबरोबर मी चार वेळा पंढरपूरला जाऊन आले, पण त्या घराकडे कधी वळले नव्हते. कुणी सांगितलंच नव्हतं.

'एस्पोझितो' लावायचं नेपल्समध्ये नेपोलियननं बसवलेल्या म्युरा राजाच्या राज्यात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झालं. मुलाच्या जन्मभर कपाळावर ते लिहिलेलं नको म्हणून निरनिराळी आडनावं द्यायला लागले. आजच्या इटलीच्या नियमांतही ते आहे: आईबाप माहीत नसलेल्या मुलाला, त्याचा जन्म कसा झाला ते कळेल असं नाव द्यायचं नाही. म्हणजे आज जे जे एस्पोझितो आहेत त्यांचं नाव त्या आधीच्या कुठल्या तरी लेकरापासून चालत आलेलं.

आता सांगा, त्यावर सिंह आणि मुकुट छापून विकणं याला काय म्हणायचं. युरोपात कुलचिन्ह असायचं ते एखाद्या माणसाचं, त्याच्या घराण्याचं. आडनाव सारखं म्हणून चिन्ह सारखं होत नाही. सगळ्या पाटलांचा एक वाडा नसतो तसं. शिवाय इटलीच्या १९४८ च्या राज्यघटनेनं सरदारकीच्या पदव्यांना मान्यता देणंच बंद केलं. मी कंपनीला तीन ईमेल केले, हे सगळं लिहून. एकाला उत्तर आलं, की माहिती 'विविध स्रोतांतून' घेतलेली आहे आणि छापलेला माल परत घेत नाही. माझी तक्रार पैशांची कमी आहे. माझ्या व्याह्यांच्या कुठल्या तरी पणजोबाचा जन्म त्यांनी पुसला आणि वर सोनेरी शिक्का मारला. याचं मला मनापासून वाईट वाटलं, अजून वाटतं. या सेवेला पाचपैकी एकही तारा देता येत नाही.

लग्नानंतर जावई म्हणाला, आई, खरं शोधूया का? आणि इथून दुसऱ्या सेवेची गोष्ट.

इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं एक संकेतस्थळ आहे, नाव 'अन्तेनाती', म्हणजे पूर्वज. २०११ पासून चालू आहे. पैसे नाहीत. जन्म, विवाह, मृत्यू यांच्या जुन्या सरकारी वह्यांची पानं फोटो काढून तिथं ठेवली आहेत, जशीच्या तशी, डागांसकट. नेपल्सच्या वह्या १८०९ पासून आहेत, कारण फ्रेंच राजवटीत तिथं सरकारी नोंदणी सुरू झाली. सिसिलीत १८२० पासून. एकसंध इटलीची १८६६ पासून. वह्यांचे गठ्ठे तसेच लावलेत: नेपोलियनच्या काळचे, त्यानंतर राजा परत आला तेव्हापासून १८६५ पर्यंतचे, आणि पुढचे इटलीचे. तुम्ही आधी शहर निवडायचं, मग वस्ती, मग साल, मग जन्म की विवाह की मृत्यू. काही भागांत नाव टाकून शोधता येतं. बाकीच्या ठिकाणी पानं उलटायची. वहीच्या शेवटी बहुधा सूची असते, तिचं पान आधी गाठावं. कित्येक सूच्या आडनावाप्रमाणे नसून पहिल्या नावाप्रमाणे लावलेल्या असतात, तेव्हा घाबरू नये.

एक गोष्ट नीट कळून घ्या. ही जागा तुम्हाला इतिहास लिहून देत नाही. ती वही उघडून समोर ठेवते. वाचायचं आपण. ज्याला तयार गोष्ट हवी त्यानं इकडे जाऊ नये.

आम्ही दर रविवारी रात्री साडेआठला बसायचो. उन्हाळ्यात तिकडे पाच वाजलेले असतात. लेक आणि जावई तिकडून पडदा दाखवायचे, मी इकडे आडवी वही घेऊन वंश लिहून काढायची, आम्ही शाळेत इतिहासाच्या तासाला करत होतो तसा तक्ता. जावयाच्या पणजोबांचा जन्मदाखला नगरपालिकेतून आणला होता, तिथून मागे निघालो. प्रत्येक जन्मनोंदीत आईबापाची नावं आणि वयं असतात. वयावरून त्यांच्या जन्माचं साल अंदाजे काढायचं आणि दोन-तीन सालं मागेपुढे बघायचं. चौकटीचा मजकूर छापील असतो, मधल्या रिकाम्या जागी कारकुनानं भरलेलं. पहिल्या महिन्यात मला एक अक्षर लागत नव्हतं. मग 'नातो' म्हणजे जन्मला, 'मोर्तो' म्हणजे वारला, 'फील्यो दी' म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं कळायला लागलं. मोडी शिकताना असंच झालं होतं. एकदा हात ओळखीचा झाला की कारकून बदलला तेही कळतं.

आणि बायकांबद्दल एक फार महत्त्वाचं. इटलीत बाई जन्मली ज्या आडनावानं त्याच आडनावानं नोंदली जाते, लग्नाच्या वेळी आणि मृत्यूच्या वेळीसुद्धा. आजही. माझी लेक तिकडे कागदोपत्री कडोलकरच आहे, विहीणबाईंचं आडनावही व्याह्यांहून वेगळं आहे. त्यामुळे जावयाची आई, तिची आई, तिची आई, असं आम्ही सहा पिढ्या मागे गेलो, प्रत्येकीचं स्वतःचं नाव सापडत गेलं. मी वही मिटली आणि माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव आठवायला बसले. नाही आलं. आईला माहीत होतं का, तेही आता विचारता येत नाही. पणजी नंदगडकडची होती एवढंच घरात बोललं जायचं. देवघराखालच्या पेटीत तिची एक पितळी फणेरपेटी आहे, तिच्यावर सासरचं नाव कोरलंय.

सापडलं ते जुलैत, पाऊस कोसळत होता, दोनदा वीज गेली होती. १८३२ सालचं एक लग्न. त्या काळच्या नेपल्सच्या राज्यात लग्नाच्या अर्जाबरोबर कागदांची जुडी जोडावी लागे. तिला 'प्रोचेस्सेत्ती' म्हणतात. वराचा बाप हयात नसेल तर बापाच्या मृत्यूचा उतारा, आणि मग संमती आजोबांची लागणार, तेही नसतील तर आजोबांच्या मृत्यूचाही उतारा. एका लग्नात तीन पिढ्या मिळतात त्या अशा. म्हणून मी सांगते, नुसती लग्नाची नोंद बघून थांबू नका, ही जुडी शोधा.

वराच्या आजोबांचा मृत्यू १८१७ चा. धंदा 'फाक्किनो', म्हणजे हमाल. वय बासष्ट. तपकिरी शाई, लांब शेपटाची अक्षरं. 'फील्यो दी' हे शब्द आले आणि जावई वाचताना थांबला. पुढे बापाचं नाव यायला हवं तिथं दोन शब्द होते: 'जेनितोरी इन्योती'. आईबाप अज्ञात.

बासष्ट म्हणजे जन्म १७५५ च्या आसपासचा. चाक फिरत होतं तेव्हाचा. लेक काही बोलली नाही. मला पडद्यावर तिचा हात जावयाच्या पाठीवर दिसत होता. मी विचारलं, बाबांना सांगणार? तो म्हणाला, आत्ताच. आणि फोन तसाच ठेवून शेजारच्या खोलीत वडिलांना फोन लावायला गेला. त्याच्या पलीकडे सरकारी वहीत काही नाही. पुढचा शोध आन्नुन्त्सियाताच्या स्वतःच्या जुन्या वह्यांत. तिथं आमच्याकडे फक्त पहिलं नाव आणि अंदाजे साल आहे, आणि त्या नावाची मुलं पुष्कळ असणार. जावई जाणार आहे म्हणतो. चाक बसवलेली भिंत अजून आहे, बघायला मिळते.

अन्तेनातीला माझ्याकडून पाचपैकी पाच. ज्यांचं कुणी इटलीत आहे, ज्यांची सून किंवा जावई तिकडचा आहे, त्यांनी हे करावं, आणि दोघांनी मिळून करावं. पाच महिने दर रविवारी जावयाशी बोलत बसायला मिळालं, त्याचं मराठी सुधारलं, माझं त्याच्याशी नातं बसलं. कुठल्या आहेरानं ते झालं नसतं.

राहिली दुसरी फ्रेम. त्या पानाची प्रत मी चांगल्या जाड कागदावर काढून घेतली आणि खडेबाजारात नेली. दुकानाला पाटी म्हणावी अशी पाटी नाही, देवांच्या तसबिरी बाहेर टांगलेल्या असतात. फ्रेमवाला तरुण पोरगा, बापाचं दुकान चालवतो. मी सोनेरी पट्टी नको म्हटलं. त्यानं सागवानी, बारीक, काळपट पॉलिशची पट्टी काढली. आत हस्तिदंती रंगाचा माउंट. पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि माउंटची खालची कड नेमकी त्या दोन शब्दांवर येत होती. मी हात पुढे करून थांबवलं.

"बाई, काय बघूलालाय एवढं? खाली दोनच शब्द झाकले जातात की."

मी म्हटलं, बाकी सगळं झाकलं तरी चालेल, ते दोन झाकू नकोस. त्यानं विचारलं काय लिहिलंय. मी सांगितलं, चाकापासून सगळं. त्यानं पट्टी खाली ठेवून ऐकलं. मग दुसरा माउंट घेतला, खुणा पुसून पुन्हा मापं घेतली, आणि खाली अर्धा इंच जास्त सोडला. पहिला कापलेला माउंट वाया गेला त्याचे पैसे मी देऊ केले, घेतले नाहीत. खरी काच, मागे प्लायवूड, चारी बाजूंनी तपकिरी कागदी टेप, आणि दोन हूक. एका हुकावर लावलेली फ्रेम तिरकी होते आणि हूक लवकर सुटतो. माझ्या पहिल्या फ्रेमचा दुसऱ्या आठवड्यात सुटला होता. आपल्याकडच्या पावसात भिंती ओल धरतात, म्हणून मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवून घ्या, फ्रेम भिंतीपासून जराशी सुटी राहते. हे त्यानं न सांगता केलं होतं.

तशीच एक मी नेपल्सलाही पाठवली, विमानानं जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलाबरोबर. व्याह्यांनी ती बैठकीत लावली नाही. स्वयंपाकघरात, जेवायच्या टेबलासमोर लावली आहे, त्यांच्या आईच्या फोटोशेजारी. लेकीनं फोटो पाठवला तेव्हा टेबलावर आमचा कुंद्याचा डबा उघडा होता.

परवा नणंदबाई आल्या होत्या. भिंतीवर सिंह दिसले नाहीत, म्हणून विचारलं. मी चहा ठेवला आणि त्यांना कागदासमोर खुर्ची दिली.